‘आशा’ आणि ‘धीर’ : मराठी ख्रिस्ती लेखनातील आपत्काळाची भाषा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ झालेल्या आहेत. वाङ्मयेतिहासकार त्याकडे आद्यतेच्या दृष्टीने पाहतो. पहिली कादंबरी कोणती, नियतकालिकांच्या इतिहासात ‘ज्ञानोदया’चे स्थान कोणते, कोशरचनेस व व्याकरणास मिशनऱ्यांनी कोणता हातभार लावला, हे त्याचे प्रश्न. श्रद्धाळू वाचक त्याच वाङ्मयाकडे ‘साक्ष’ म्हणून पाहतो. लेखकाने काय भोगले आणि त्यातून तो कसा तरला, एवढेच त्याला हवे असते. पहिल्या रीतीत श्रद्धा हा चरित्राच्या प्रस्तावनेतील तपशील ठरतो, तर दुसरीत भाषा ही केवळ भारवाहक ठरते. संकटात सापडलेला ख्रिस्ती माणूस मराठीत नेमके काय बोलला, कोणत्या शब्दांवर त्याने आपला भार टाकला आणि त्या शब्दांनी तो भार पेलला की नाही, हा प्रश्न या दोन्ही रीतींत विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाच्या अनुरोधाने तोच प्रश्न विचारावयाचा आहे.

प्रश्नाचे मूळ ‘आशा’ या शब्दाच्या अर्थात आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी टिकून राहणारी म्हणून सांगितली आहे, आणि ख्रिस्ती नीतिशास्त्राने तिला सद्‌गुणांचे श्रेष्ठ पद दिले. या त्रयीतील पहिला आणि तिसरा शब्द मराठीत आणताना फारशी अडचण येत नाही. दुसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. संतांच्या वाणीत आशा ही बहुधा तृष्णेची सखी म्हणून येते. ती पाश आहे, ती जीवाला दारोदार हिंडवते. ‘आशा सुटेना अन् देव भेटेना’ ही म्हण तर आशा आणि देव यांना परस्परांचे प्रतिस्पर्धीच मानते. ‘आशाळभूत’ म्हणजे लाचार. उलट ‘निराश’ या शब्दाला आज जी काळी छटा आहे ती जुन्या धार्मिक परिभाषेत नाही. गीतेतील ‘निराशी’ पुरुष हा खचलेला नसून मुक्त झालेला असतो. संस्कृतात ‘आशा’ या शब्दाचा ‘दिशा’ असाही एक अर्थ आहे. व्युत्पत्तीने तो बहुधा निराळा शब्द. तथापि ख्रिस्ती उपदेशकाला हवी असलेली आशा या दुसऱ्या अर्थाला अधिक जवळची आहे, असे गंमतीने म्हणता येईल.

या परंपरेचा सर्वांत बोलका दृष्टान्त भागवताच्या एकादश स्कंधातील पिंगलेचा. ही गणिका द्रव्य देणाऱ्या पुरुषाची वाट पाहत दारात उभी राहते; आत जाते, पुन्हा बाहेर येते; मध्यरात्र उलटते, आणि कोणी येणार नाही हे उमगल्यावर ती आशा सोडते व सुखाने झोपी जाते. अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत तिची गणना केली आहे. एकनाथांची टीका याच स्कंधावरची असल्यामुळे ही कथा मराठी श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेली होती. पिंगला शेवटी सर्वच सोडते असे नाही, ती ईश्वराकडे वळते, हे लक्षात ठेवलेच पाहिजे. पण कथेचा जो संस्कार श्रोत्याच्या मनावर राहतो तो असा : वाट पाहणे हे दुःख, आणि ते थांबणे हे सुख.

आता याच्या शेजारी हिब्रू स्तोत्रकर्त्याला उभे करावे. एकशे तिसाव्या स्तोत्रात तो खोल गर्तेतून हाक मारतो आणि पहारेकरी जितक्या उत्कंठेने पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक उत्कंठेने आपण प्रभूची वाट पाहतो असे म्हणतो. पहारेकरी आणि पिंगला दोघेही रात्रभर जागेच आहेत, परंतु पहाट होणार याविषयी पहारेकऱ्याला शंका नाही. त्याला सोसावयाचे असते ते फक्त अंतर. हिब्रूतील ‘काव्हा’ हा धातू वाट पाहण्याचाही वाचक आहे आणि आशा करण्याचाही. त्यापासून ‘तिक्व्हा’ हे आशावाचक नाम होते. म्हणजे ज्या क्रियेचा शेवट होणे ही भागवतातील मुक्तीची खूण, तीच क्रिया स्तोत्रसंहितेत भक्तीचे मुख्य कर्म ठरते. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी ‘आशा’ हा शब्द स्वीकारला तेव्हा त्यांनी केवळ प्रतिशब्द निवडला नव्हता. एका शब्दाला त्याच्या घराण्यातून काढून दुसऱ्या घराण्यात दत्तक दिले होते. दत्तक मुलाला जुने नाव विसरावयास वेळ लागतो.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील साखळी या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. तेथे पौल क्लेशापासून आशेपर्यंत चार पायऱ्या सांगतो. मूळ ग्रीक शब्द अत्यंत मूर्त आहेत. ‘थ्लिप्सिस’ म्हणजे दाब, चेपले जाणे. ‘हुपोमोने’ म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे. ‘दोकिमे’ म्हणजे कसोटीस उतरलेपण. या शब्दाच्या कुळात धातू पारखण्याचा संदर्भ आहे. आणि शेवटी ‘एल्पिस’, आशा. प्रचलित मराठी भाषांतरात या साखळीसाठी संकट, धीर, शील आणि आशा असे शब्द आलेले आहेत. त्यांपैकी ‘शील’ हा शब्द मला फिका वाटतो. त्यात कसोटीची धग नाही. उलट ‘संकट’ हा विलक्षण भाग्याचा शब्द आहे. संस्कृतात ‘संकट’ म्हणजे मुळात अरुंद, दाटीचे. हिब्रूतही दुःखाला अरुंदपणाचाच शब्द आहे आणि सुटकेला ऐसपैस जागेचा. येथे तीन भाषांचे अनुभव कोणी न जुळवता जुळलेले आहेत.

परंतु या साखळीतील खरा मराठी शब्द ‘धीर’ हा होय, आणि त्याचे व्याकरण पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘मला धीर आला’ असे आपण म्हणतो. ‘मी धीर धरला’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात माणूस चतुर्थीत आहे, धीर कोठून तरी चालत त्याच्याकडे आला आहे आणि त्यात त्याचे कर्तृत्व नाही. दुसऱ्यात तो कर्ता आहे. त्याने मूठ आवळली आहे. तिसरा प्रयोग ‘तिने मला धीर दिला’ हा. येथे धीर एका हातातून दुसऱ्या हातात जातो. कृपा आणि कर्तृत्व यांच्या संबंधाविषयी ख्रिस्ती धर्मशास्त्रात शतकानुशतके वाद झाले. मराठी बोलणारी निरक्षर बाई मात्र एकाच दिवसात हे तिन्ही प्रयोग करते आणि तिला त्यात विरोध दिसत नाही. ‘आशे’ला ही मुभा नाही. आशा वाटते, आशा धरता येते. परंतु ती दुसऱ्याला द्यावयाची म्हटले की भाषा अडखळते. आशा ‘लावली’ जाते किंवा ‘दाखवली’ जाते, आणि आशा दाखवणारा मराठीत बहुधा फसवणारा असतो. ‘विश्वास’ या शब्दाचेही असेच दोन प्रयोग आहेत. विश्वास ‘ठेवणे’ इच्छेच्या अधीन आहे. विश्वास ‘बसणे’ तसे नाही. उपदेशपर ख्रिस्ती मराठीत पहिला प्रयोग, तोही आज्ञार्थात, सर्वत्र आढळतो. दुसऱ्याची जागा आत्मचरित्रात आहे.

या भेदाच्या आधारे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) वाचले म्हणजे त्याचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही एकदम दिसतात. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा त्याचा प्रतिज्ञात विषय. यमुना पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते, शेवटी स्वतः तिच्यावर वैधव्य येते. ती उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. त्या काळी अशा स्त्रियांचे हाल छापील गद्यात इतक्या थेटपणे आणण्यास मोठे धाडस लागले असेल. परंतु पुस्तकातील सांत्वन हे युक्तिवादाच्या रूपाने येते. दुःख सांगितले जाते, मग त्याचे कारण दाखविले जाते, मग उपाय. दुःखी पात्राला तेथे विश्वास ठेवावयास सांगितलेले आहे. त्याचा विश्वास बसताना आपण पाहत नाही. धीर देण्याऐवजी धीराची कारणे दिलेली आहेत. पदमनजी कोशकारही होते, आणि शब्दाचा अर्थ सांगून टाकला म्हणजे काम झाले ही कोशकाराची समजूत त्यांच्या कथनातही उतरली आहे, असा माझा तर्क आहे. तो थोडा अन्यायाचा असेल. १८५७ साली मराठी कादंबरीचे गद्यच घडावयाचे होते, हेही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

पंडिता रमाबाईंकडे वळताना आपत्ती हा शब्दच अपुरा वाटू लागतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्यांना लहानपणी भागवत मुखोद्गत करविले होते. दक्षिणेतील दुष्काळात हे पुराणिकाचे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत उपाशी राहिले. तिरुपतीजवळच्या रानात त्यांनी पाण्यावर आणि पाल्यावर दिवस काढले. आणि थोड्या महिन्यांच्या अंतराने आंधळे झालेले वडील, आई आणि मोठी बहीण मृत्यू पावली. पुढे १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली आहे : बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र कित्येक वर्षांनी मिळाला. विश्वास ठेवणे आणि विश्वास बसणे यांतील अंतर याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

रमाबाईंना ज्या धर्माने धीर दिला त्याचा विचार १८९६–९७ च्या दुष्काळापासून वेगळा करता येत नाही. मध्यप्रांतातील उपासमारीच्या बातम्या आल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या व शेकडो मुली घेऊन परतल्या. त्यांतून केडगावचे ‘मुक्ति सदन’ उभे राहिले. १८९९–१९०० च्या दुसऱ्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. स्वतःच्या दुष्काळानुभवाविषयी त्यांनी १८९७ साली जे लिहिले त्यात त्यांची दृष्टी दोन काळांत एकदम वावरते. समोरच्या मुलीच्या चेहऱ्यात त्यांना तिरुपतीच्या रानातील आपला चेहरा दिसतो. त्यांच्या बाबतीत आशा ही भविष्यकाळाची गोष्ट राहत नाही. ती भूतकाळाकडे परत जाऊन तेथील अनाथ मुलीला हात देण्याची क्रिया होते.

येथे एक जुना आक्षेप विचारात घेतला पाहिजे. दुष्काळात धर्मांतर करणारे पोटासाठी बाटले, त्यांची आशा अन्नछत्राची होती, असे त्या काळी सर्रास म्हटले गेले, आणि अन्नछत्र आणि उपदेश एकाच हातून मिळत असताना हा आक्षेप निराधार होता असे कोणी म्हणू नये. रमाबाईंच्या संस्थेवरही धर्मप्रसाराचे आरोप झाले आणि पुण्यातील शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थ १८९३ साली त्यावरूनच बाजूला झाले. परंतु आक्षेपामागील गृहीतक तपासावयास हवे. भाकरी ही हीन आशा आणि मोक्ष ही उच्च आशा अशी उतरंड तो आधीच मान्य करून बसतो. ख्रिस्ती प्रार्थनेत रोजची भाकर आणि पापांची क्षमा ही मागणी एका दमात येते. ज्या मुलीला कोणीतरी वाटेवरून उचलून आणून जेवू घातले, तिच्या दृष्टीने धीराचा आरंभ जेवणातच होता. ती पुढे कोणत्या श्रद्धेने जगली हे तिच्या पुढील आयुष्यावरून ठरवावे.

रमाबाईंच्या भाषाविषयक कार्याची चर्चा आपल्या विभागांत जितकी व्हावयास हवी तितकी झालेली नाही. प्रचलित मराठी बायबलाच्या संस्कृतप्रचुर भाषेविषयी त्या असमाधानी होत्या. मुक्तीतील खेडवळ, जेमतेम वाचू लागलेल्या बायकांना ते कळत नाही, आणि त्यातील अनेक पारिभाषिक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थ चिकटलेले आहेत, असे त्यांचे दुहेरी म्हणणे होते. म्हणून त्यांनी प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे नवे भाषांतर हाती घेतले. १९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाईंचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या आणि ग्रंथ १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

वाङ्मयीन यश म्हणून पाहिले तर हे भाषांतर रुळले नाही. बायबल सोसायटीच्या पाठाची जागा त्याने घेतली नाही. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या हट्टामुळे ते जागोजाग अवघड झाले आहे, आणि सुबोधतेसाठी आरंभलेल्या ग्रंथाला हा दोष लहान नव्हे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ (२०१०) ज्या सहजतेने सामान्य मराठी वाचकाच्या हाती गेले तसे भाग्य रमाबाईंच्या ग्रंथास लाभले नाही. तथापि त्यांच्या प्रयत्नाचा मर्मबिंदू वेगळा आहे. अठरा हजार श्लोकांचे भागवत जिला येत होते त्या बाईला पिंगलेची कथा अपरिचित असणे शक्य नाही. ‘आशा’, ‘मुक्ती’, ‘कृपा’ या शब्दांचे जुने घर तिने आतून पाहिलेले होते. म्हणूनच शब्दांच्या संस्कारांविषयीची तिची धास्ती ही परक्या मिशनऱ्याची धास्ती नाही. ती घरातल्या माणसाची आहे. आणि गंमत अशी की ज्या संस्थेत हे शब्द गाळण्याचे काम चालले तिचे नावच ‘मुक्ति’ होते. एखादा शब्द कोशातून काढता येतो. दारावरच्या पाटीवरून काढणे कठीण जाते, कारण तेथे तो अर्थासाठी नसून हाक मारण्यासाठी असतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालताना संकोच वाटतो. विनोद, निर्मळपणा, बोलीचा ठसा, टिळकांच्या विक्षिप्तपणाची चित्रे हे सारे सांगून झालेले आहे. परंतु या प्रशंसेत एक सोयीस्कर गाळणी आहे. पुस्तक आवडते, त्यातील श्रद्धा मात्र टिळकांची लहर म्हणून बाजूस ठेवली जाते, जणू लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या केवळ पतीमागे जाण्यासाठी. पुस्तक तसे सांगत नाही.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली पाच वर्षे हा या ग्रंथाचा कणा होय. लहान मुलगा पदरी, पती हयात असून संसार मोडलेला, नातलगांच्या आश्रयाने दिवस काढणे, आणि ज्याच्यावर रागवावे त्याचीच वाट पाहणे. या काळातील दुःखाने त्यांना कवितेकडे नेले, हे सर्वश्रुत आहे. पुढे त्या टिळकांकडे परतल्या त्याही ख्रिस्ती म्हणून नव्हे. सोवळेओवळे सांभाळून, आपली चूल व पाणी वेगळे ठेवून. मिठालाही सोवळ्याचे पाणी दाखविणाऱ्या वडिलांची ही मुलगी. जातिभेद हा ईश्वरकृत नसून मनुष्यकृत आहे, या निर्णयाप्रत त्या आल्या त्या उपदेशाने नव्हे. स्वतःशी केलेल्या विचारातून एक गाठ सुटली आणि मागोमाग पुष्कळ गाठी सुटत गेल्या. ही सारी हकीकत ‘विश्वास बसण्या’ची आहे. टिळकांनी विश्वास ठेवला. लक्ष्मीबाईंचा तो बसला, आणि बसावयास पाच वर्षे लागली.

आपत्तीचे कथन करताना लक्ष्मीबाईंचे वाक्य कसे वागते ते पाहावे. तान्ह्या मुलांचे मृत्यू, दारिद्र्य, प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषा, असे प्रसंग येतात तेव्हा इतर लेखक वाक्य लांबवतात; या बाई ते तोडतात. विशेषणे जवळजवळ नाहीत. क्रियापदे घरातली : आणणे, ठेवणे, उठणे, बसणे, देणे. पारिभाषिक ख्रिस्ती शब्द, ज्यांनी त्या काळचे उपदेशपर गद्य भरून गेलेले असते, येथे तुरळक आहेत. आणि दुःखाच्या अगदी लगत स्वतःची थट्टा येते. हा स्वभाव झाला, श्रद्धेचा येथे काय संबंध, असा प्रश्न पदव्युत्तर वर्गात हमखास विचारला जातो, आणि तो योग्यही आहे. आनंदी स्वभावाची माणसे सर्व धर्मांत असतात. परंतु ग्रंथाच्या पूर्वार्धातील आणि उत्तरार्धातील थट्टा एकसारखी नाही. पूर्वार्धात ती ढाल आहे. वडिलांच्या सोवळ्यापासून, सासरच्या जाचापासून, पतीच्या लहरीपासून स्वतःला राखण्यासाठी वापरलेली. उत्तरार्धात तिला राखावयाचे असे काही उरलेले नाही. घरात परकी मुले जेवतात, पैसा आला तसा जातो, टिळक कोणालाही काहीही देऊन टाकतात, आणि निवेदिका या साऱ्याकडे हिशेब मिटलेल्या माणसाच्या मोकळेपणाने पाहते. या बदलाचे कारण पुस्तकात दुसरे कोणते दिले आहे ते मला दिसत नाही.

‘धीर देणे’ या तिसऱ्या प्रयोगाचे महत्त्व येथे ध्यानात येते. ‘स्मृतिचित्रे’त धीर क्वचितच एकट्याला येतो. तो आजाऱ्याच्या उशाशी बसताना, अनाथ मुलाला वाढताना येतो. देता देता देणाऱ्याकडे उरतो. ‘यमुनापर्यटना’त जो सिद्धान्त होता तो येथे स्वयंपाकघरातील व्यवहार झाला आहे.

टिळकांचे काय, असे विचारले जाईल. कवी म्हणून ते लक्ष्मीबाईंहून मोठे आणि श्रद्धेच्या भाषेचे खरे शिल्पकार, हे मान्यच आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, हे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. अभंग आणि ओवी यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १६१६ साली फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त ओवी वापरली होती आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले होते, त्या तुटलेल्या धाग्याशी टिळकांचे नाते आपोआप जुळले. आशेच्या शब्दाची जी अडचण वर सांगितली तिचा उलगडाही त्यांच्या वारकरी वळणातच सापडतो. भागवतातील पिंगला वाट पाहणे सोडून सुखी झाली खरी, पण पंढरपुरात देवच विटेवर उभा राहून वाट पाहतो. वारकरी परंपरेने ‘वाट पाहणे’ या क्रियेला दोन कर्ते दिले, आणि ‘आशे’ला जो मान दिला नाही तो ‘आस’ या तद्‌भव शब्दाला दिला. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा बाप मुलगा दूर असतानाच त्याला पाहतो. ज्याला पंढरी ठाऊक आहे त्याला हा बाप ओळखीचा वाटतो. हिब्रू ‘काव्हा’चा मराठी प्रतिशब्द कोशात ‘आशा’ असला, तरी भाषेत तो ‘वाट पाहणे’ हाच आहे आणि मराठी ख्रिस्ती माणसाला तो मिशनकडून मिळालेला नाही. तो त्याने बरोबर आणला होता. मराठी ख्रिस्ती वाङ्मय हा अनुवादाचा उपप्रकार मानून वेगळ्या खणात ठेवण्याची आपली पद्धत या एका शब्दापुढे टिकत नाही.

टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याचे आरंभीचे काही अध्यायच लिहून झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. विवाहाच्या वेळी ज्या मुलीला वाचताही येत नव्हते तिने ते लिहिले, हे चमत्कार म्हणून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. काव्य म्हणून त्या अध्यायांत टिळकांची भरारी नाही. कथा सरळ जाते, रूपके थोडी आहेत, पुष्कळ ओव्या केवळ निर्वाहाच्या आहेत. पण वैधव्यात एक बाई रोज बसते आणि दुसऱ्याने टाकलेला धागा ओढत नेते, या क्रियेलाच पौलाच्या साखळीतील दुसरा शब्द लागू पडतो. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा लक्ष्मीबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

जाता जाता एका भाषिक तपशिलाची नोंद करतो. रमाबाईंच्या भाषांतराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला तो उपयोगी पडेल. यहोशवाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहोच्या तटावर राहणारी राहाब ही गणिका हेरांना दोरावरून खाली सोडते, आणि शहर पडेल तेव्हा आपले घर ओळखू यावे म्हणून किरमिजी सुताची दोरी खिडकीला बांधते. वेढ्याच्या काळात ती आपली माणसे घरात गोळा करून वाट पाहते, आणि ती वाचते. दोरीसाठी तेथे आलेला हिब्रू शब्द ‘तिक्व्हा’ हाच आहे. ‘काव्हा’ धातूचा मूळ अर्थ पीळ घालणे, वळणे असा असावा, असे पुष्कळ कोशकार मानतात. मराठी वाचकाला या ठिकाणी ‘दोरी’ दिसते आणि स्तोत्रांत ‘आशा’ दिसते. ते दोन्ही एकच शब्द आहेत हे कळण्याचा कोणताही मार्ग मराठी पाठात नाही. हिब्रू शिकलेल्या रमाबाईंना तो कळला असला पाहिजे.